मैदानातला पंच आणि केंब्रिजची आत्या

आजोबा आमच्याकडे वेम्बलीला राहायला आले तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे ते जवळजवळ बोलतच नव्हते. सकाळच्या चहाला "हं" आणि जेवून उठताना "पुरे", एवढ्यावर त्यांचा दिवस भागायचा. आजीला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. बाबांनी सांगलीला जाऊन त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं होतं. व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा, म्हणजे हिवाळा सरता सरता त्यांना परत जावंच लागणार होतं. येताना त्यांनी सांगलीचं भडंग आणि घरची हळद आणली होती, आणि त्या दोन्हींचा वास त्यांच्या स्वेटरांना असा काही बसला की आईने धुऊन धुऊनही तो गेला नाही. आजोबा स्वयंपाकघरात खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. समोरच्या घरांच्या धुराड्यांवर नव्या स्टेडियमची पांढरी कमान दिसायची. ते तिच्याकडे बघत बसायचे आणि आई पोळ्या लाटता लाटता माझ्याकडे बघून भुवया उंचावायची.

मी चौदा वर्षांची, घरात एकुलती एक. चौकस म्हणावं तर चौकस. आईच्या भाषेत भोचक. गप्प माणूस दिसला की मला राहवत नसे. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायचं आणि आजोबांसमोर स्टूल ओढून बसायचं. "आजोबा, तुम्ही काय थिंक करताय?" "विचार करताय म्हण." "तेच. काय?" "काही नाही." असं रोज चालायचं. आज मी ही जी मराठी लिहिते आहे ती त्या स्टुलावरची आहे. त्याआधी माझी मराठी म्हणजे इंग्रजी शब्दांना मागून शेपट्या लावलेली, बॉलला "ती" म्हणणारी आणि आईला बिनधास्त "तुझा भाजी मस्त झालाय" असं सांगणारी होती. आजोबा चूक दुरुस्त करायला तोंड उघडायचे, म्हणून मी पुढेपुढे मुद्दाम चुकायला लागले.

आजोबा शाळेत खेळाचे मास्तर होते आणि जन्मभर कबड्डीचे पंच. सांगली, मिरज, तासगाव, जिथे मैदान आखलं जाई तिथे त्यांना बोलावणं यायचं. त्यांच्या पंचगिरीच्या गोष्टी मी बाबांकडून ऐकल्या होत्या. गावातला कोणी पुढारी रेषेवर येऊन ओरडला तरी आजोबा त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. निर्णय दिला की दिला. "पंचाने एकदा हात वर केला की तो खाली येत नाही," असं ते म्हणायचे, आणि बाबा ते वाक्य इतक्या वेळा ऐकत मोठे झाले होते की त्यांच्या तोंडून ते नकला केल्यासारखंच निघायचं. गंमत एवढीच की आजोबा हा नियम मैदानावरून घरीही घेऊन आले होते.

बाबांची मोठी बहीण, माझी वसूआत्या, केंब्रिजला एका लॅबमध्ये काम करायची. आमच्या घरापासून गाडीने फार तर दीड तास. मी जन्मायच्या आधी तिने तिथल्याच अँड्र्यूशी लग्न करायचं ठरवलं आणि ते सांगायला ती त्याला घेऊन सांगलीला गेली. गौरी-गणपतीचे दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं. आजोबांनी त्या सगळ्यांसमोर, सामन्याचा निकाल जाहीर करावा तशा आवाजात सांगितलं, की आजपासून ही माझी मुलगी नाही आणि यात कोणी मध्ये पडू नये. कोणी पडलंही नाही. आजोबा संध्याकाळी मैदानावर गेले की आजी आत्याला फोन करायची, तेवढाच काय तो धागा. आजी गेली तेव्हा बाबांनी आजोबांना विचारलं, "वसूताईला बोलावू ना?" आजोबांनी उत्तरच दिलं नाही, आणि उत्तर नाही म्हणजे नकार असं सगळ्यांनी धरलं. आत्या आपल्या आईच्या शेवटच्या दर्शनालाही गेली नाही.

आजोबा आल्यापासून आमच्या घरातून केंब्रिज हा शब्दच गेला. आत्याकडे जायचं असलं की बाबा "ऑफिसचं थोडं काम आहे" म्हणायचे, आणि आजोबा खिडकीबाहेर बघत राहायचे. त्यांना कळत नव्हतं असं मला एक क्षणही वाटलं नाही. मला आत्या फार आवडायची. ती मोठ्याने हसायची, मायक्रोस्कोपमधून कांद्याची साल दाखवायची, मी काहीही विचारलं तरी "चांगला प्रश्न" म्हणायची. आणि आता आजोबाही आवडायला लागले होते. मला एवढंच हवं होतं, की विमानात बसायच्या आधी आजोबांनी तिला एकदा भेटावं. त्यांचं वय झालेलं, पुन्हा व्हिसा मिळेल न मिळेल. हे राहिलं तर कायमचंच राहणार, एवढं चौदाव्या वर्षीही कळतं.

कोजागिरीला आईने मसाला दूध आटवलं आणि मला पाटावर बसवून ओवाळलं. घरातल्या पहिल्या मुलाला त्या दिवशी ओवाळतात. मी तबकातल्या दिव्याकडे बघता बघता सहज विचारलं, "आजोबा, आजी कोणाला ओवाळायची? बाबा तर सेकंड." आईचा हात तसाच थांबला. आजोबा दुधाचा पेला खाली ठेवत म्हणाले, "रिकाम्या पाटाला," आणि मागचं दार उघडून बागेत गेले. पायात चपलासुद्धा नव्हत्या. आई मला काही बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

त्याच आठवड्याच्या शेवटी वेम्बलीत अमेरिकन फुटबॉल आला. तिकडच्या व्यावसायिक लीगचा खराखुरा, गुण धरले जाणारा सामना पहिल्यांदाच अटलांटिक ओलांडून इकडे होत होता. न्यूयॉर्कचा संघ आणि मायामीचा संघ. आमच्या गल्लीत गाड्या लावायला बंदी, ईलिंग रोडच्या मिठाईवाल्यांकडे अवाढव्य जर्सी घातलेले लोक जिलेबीकडे बोट दाखवून "इज इट स्वीट?" विचारतायत, असा सगळा माहोल. बाबांच्या ऑफिसात माइक म्हणून एक अमेरिकन होता. त्याच्या बायकोला नेमका ताप आला आणि त्याने आपली दोन्ही तिकिटं बाबांना दिली. बाबांची त्या रविवारी ऑफिसच्या सपोर्टची पाळी, लॅपटॉप सोडून हलता येईना. आईने बाहेरचा पाऊस बघितला आणि म्हणाली, "मी? नो वे. सई, तू आजोबांना घेऊन जा. त्यांना जरा फ्रेश एअर मिळेल." फ्रेश एअर म्हणजे काय, तर आभाळ फाटल्यासारखा पाऊस आणि त्यात भिजायला आलेले ऐंशी हजारांच्या आसपास लोक.

आजोबांनी बाबांचा रेनकोट घातला, वर कानटोपी घातली आणि खिशात भडंगाची पुडी ठेवली. गेटवरच्या माणसाने पुडी उघडून वास घेतला, पुन्हा घेतला, आणि ती परत देऊन टाकली. आत गेल्यावर आजोबा बराच वेळ मैदानाकडे बघत होते. खाली हिरवळीचा चिखल झाला होता. खेळाडू एकमेकांवर आदळायचे आणि पुढे घसरत जायचे. मला ओ की ठो कळत नव्हतं. आजोबांनी महिन्याभरात पहिल्यांदा मला आपणहून प्रश्न विचारला. "हे चिलखत घालून खेळतात?"

शेजारी लीड्सहून आलेला एक जाडजूड गृहस्थ होता, न्यूयॉर्कची जर्सी घातलेला. आजोबा मराठीत विचारणार, मी इंग्रजीत विचारणार, तो भडंग खात समजावणार आणि मी ते परत मराठीत आणणार, असं आमचं सुरू झालं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. आजोबांनी मान हलवली. "म्हणजे चढाईच आहे. फक्त मध्ये दम सोडायची सोय केलेली." त्यांना रेषा कळल्या, पकड कळली, बाहेर जाणं कळलं. मला त्यांच्यामुळे कळलं. लीड्सवाल्याला वाटत होतं मी भाषांतर करते आहे; खरं तर आजोबा मला कबड्डी शिकवत होते.

मग एका पंचाने पिवळं फडकं हवेत फेकलं आणि खेळ थांबला. पांढरी टोपी घातलेला मुख्य पंच पुढे आला, कमरेचं बटण दाबलं आणि त्याचा आवाज सगळ्या स्टेडियमभर घुमला. कोण चुकला, काय चुकला, शिक्षा काय, सगळं त्याने सांगितलं. आजोबा उठून उभे राहिले. मागचे लोक कुरकुरले.

"कोणाला सांगतोय तो?"

"सगळ्यांना."

"का?"

"त्यांना कळावं म्हणून ना, आजोबा. व्हाय त्याने फ्लॅग टाकला ते."

"पंचाने कारण सांगायचं?" ते खाली बसले. पुढच्या प्रत्येक फडक्याला ते खेळाडूंकडे बघायचं सोडून त्या पांढऱ्या टोपीकडेच बघत होते. न्यूयॉर्कवाले थोडक्यात जिंकले. गर्दीतून घरी येताना आजोबा अखंड बोलत होते, आणि आईने दार उघडलं तेव्हा ती आमच्या ओल्या कपड्यांकडे न बघता त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिली.

त्यानंतर आमचे रविवार ठरून गेले. बाबांनी क्रिकेटसाठी टीव्हीवर स्पोर्ट्सची चॅनेल्स घेतली होती. रविवारी संध्याकाळी सहाला त्यांच्यावर तिकडचा सामना लागायचा. आई डाळिंब्यांची उसळ, गरम भाकरी आणि वर लसणाची चटणी असं ताट टीव्हीसमोर आणून द्यायची आणि "हा काय गेम आहे, दर मिनिटाला थांबतो" म्हणून निघून जायची. आजोबा जेवणाच्या टेबलावर राजमा एका बाजूला आणि चवळी दुसऱ्या बाजूला मांडून मला डाव समजावायचे. त्यांच्यापाशी नियमांचं पुस्तक नव्हतं. बघायचं, अंदाज बांधायचा, पुढच्या रविवारी तो ताडून बघायचा, चुकला तर राजमा हलवायचा. मी आज जे काम करते त्यात हीच पद्धत मोठ्या नावाने चालते. मला ती राजम्याने शिकवली.

त्या वर्षी बॉस्टनकडचा एक संघ हरायचं नावच घेत नव्हता. हिवाळा लागला, दिवस चारलाच अंधारायला लागले, नाताळ येऊन गेला, तरी त्यांची एकही हार नाही. नेहमीचे सगळेच्या सगळे सामने जिंकून ते पुढच्या बाद फेरीत गेले. आजोबा त्यांच्यावर खूश होते. "न हरणारा माणूस बघायला बरा वाटतो," म्हणायचे. मी न्यूयॉर्कची, कारण त्यांना मी स्वतःच्या डोळ्यांनी चिखलात लोळताना पाहिलं होतं. माणसाची निष्ठा याहून मोठ्या कारणाने ठरते असं मला अजूनही वाटत नाही.

एका रविवारी पंचाने निर्णय दिला तसा एका संघाच्या प्रशिक्षकाने तो मान्य नाही म्हणून लाल फडकं मैदानात टाकलं. मुख्य पंच कडेला गेला, काळ्या पडद्यात डोकं घालून त्याने आतल्या टीव्हीवर तो प्रसंग पुन्हा पुन्हा बघितला, मग बाहेर आला आणि बटण दाबून म्हणाला, की बघितल्यावर असं दिसतं, की निर्णय बदलावा लागेल. चेंडू मागे नेला. खेळ पुढे सुरू झाला.

आजोबांच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. "काय म्हणाला?"

"मिस्टेक झाली म्हणाला. डिसिजन चेंज केला."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

"आता त्याला उद्या कोण विचारणार? त्याची पत काय राहिली?"

मला काय माहीत त्याची पत! पण प्रश्न झकास होता, आणि आम्ही दोघांनी त्याचा छडाच लावायचा ठरवला. पुढचे कितीतरी रविवार आम्ही सामना बघत नव्हतो, पंच बघत होतो. निर्णय फिरवल्यावर लोक त्याची हुर्यो उडवतात का? खेळाडू त्याचं ऐकेनासे होतात का? आवाज खाली येतो का? तसं काहीच होत नव्हतं. हुर्यो उडायची ती न फिरवलेल्या निर्णयाची. फिरवलेला निर्णय लोक दोन मिनिटांत विसरायचे. आजोबांना हे पटत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं. चहा ढवळता ढवळता ते मध्येच म्हणायचे, "पण त्याला वाटत काय असेल, त्या पडद्याच्या आत?"

एकदा मी धीर केला. "आजोबा, तुम्ही कधी डिसिजन चेंज केला नाही?"

त्यांना मी कुठे निघाले आहे ते बरोबर कळलं. "त्यांच्याकडे कॅमेरा आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे काय होतं?" आणि राजमा गोळा करून डब्यात भरून टाकला. मी त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले. जानेवारी संपत आला होता, आणि बाबांनी त्यांच्या परतीच्या तिकिटाची प्रिंट फ्रिजला लावली होती.

अंतिम सामना तिकडच्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या झोपेच्या वेळेला. बाबांनी तो रेकॉर्डिंगला लावला. मला सोमवारी खोकला होता. थोडा खरा, बराचसा केलेला. आई कामाला निघाली आणि गाडीतल्या रेडिओवर काहीतरी ऐकून परत दारात आली, तर आजोबा आणि मी एकदम ओरडलो, "सांगू नकोस!" समोरासमोर होते बॉस्टनवाले, अजून न हरलेले, आणि आमचे चिखलातले न्यूयॉर्कवाले. सकाळच्या उन्हात पडदे ओढून आम्ही बसलो. शेवटची काही मिनिटं उरली तरी बॉस्टनवालेच पुढे होते. मग न्यूयॉर्कच्या एका खेळाडूने उडी मारून चेंडू एका हाताने स्वतःच्या हेल्मेटला दाबून धरला आणि तसाच घेऊन खाली पडला. मी सोफ्यावर नाचले. आजोबा म्हणाले, "पकडलाय. नीट पकडलाय," आणि त्यांचा आवाज ऐकून मी नाचायची थांबले. थोड्याच वेळात सगळं संपलं. वर्षभर न हरलेला संघ हरला.

मला जिंकल्याचा आनंद करायला सुचेना. आजोबा पडद्याकडे बघत होते. हरलेले खेळाडू हेल्मेट हातात घेऊन मैदानात चालत होते, समोरच्यांना मिठ्या मारत होते. कोणी रडत होता, कोणी नुसताच उभा.

"वाईट वाटलं, आजोबा?"

"वाटलं. पण बघ ना सई. हरले, आणि आहेत की तसेच. चालतायत. मला वाटायचं, एकदा हरलं की माणूस उरतच नाही." मग त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. "तुझ्या बापाला विचार, रविवारी गाडी काढतोस का. केंब्रिजला."

मी फोनकडे धावले तर त्यांनी मला हाताला धरून थांबवलं. "वसूला मी फोन करणार नाही. फोनवर सांगायची गोष्ट नाही ती. चारचौघांत बोललोय मी."

बाबांनी आत्याला कळवलं. ती फक्त "या" म्हणाली. रविवारी आम्ही निघालो. वाटेत आईने मागे वळून दोनदा पाण्याची बाटली दिली. आत्याच्या गल्लीत गाडी थांबली तेव्हा आजोबा म्हणाले, "नानाला फोन लाव." नाना म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, सांगलीचे. बाबा गोंधळले. "आत्ता?" "तो होता त्या दिवशी. त्याने ते ऐकलंय. त्याला हेही ऐकू दे." बाबांनी मोबाइल लावला, स्पीकरवर टाकला आणि हात लांब करून धरला. तिकडे टीव्हीचा आवाज, भांड्यांचा आवाज, आणि "हॅलो, हॅलो, कोण दादा का?"

आत्याने दार उघडलं. तिच्या मागे अँड्र्यू होता. आजोबा पायरीवर चढले नाहीत. फाटकातून आत येऊन वाटेच्या मधोमध ते ताठ उभे राहिले, आणि बाबांनी ज्याच्या नकला केल्या होत्या तो आवाज मी पहिल्यांदा खरा ऐकला.

"वसुधा, त्या दिवशी घरात सगळ्यांसमोर मी जो निर्णय दिला तो चुकीचा होता. तो मी मागे घेतो."

शेजारची बाई कुत्र्याला घेऊन निघाली होती ती थांबली. मोबाइलमधला नानाआजोबांकडचा टीव्ही कोणीतरी बंद केला. मला वाटलं आता आत्या धावत येईल. मी त्या धावण्याची केव्हापासून वाट बघत होते. आत्या जागची हलली नाही.

"आणि आईला कोण सांगणार, बाबा?"

आजोबांचे खांदे खाली आले. एवढा ताठ माणूस इतका लहान होऊ शकतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. "ते नाही आता होणार," ते म्हणाले. "ते माझ्यावरच राहील." हा आवाज रस्त्यापर्यंतसुद्धा पोचला नसेल. कुत्रा उगीच भुंकला, बाईने त्याला ओढून नेलं. थंडीने आजोबांचं नाक लाल झालं होतं. माझ्या मनात आलं, की आता ते मागे वळतील आणि गाडीत जाऊन बसतील. निकाल सांगून झाला की पंच मैदानात थांबत नाही.

ते वळले नाहीत. त्यांनी डोक्यावरची कानटोपी काढून हातात घेतली.

"मी आत येऊ का?"

आजोबांना कोणाची परवानगी मागताना मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं, आणि आत्यानेही ऐकलं नसणार. तिने त्यांच्या हातातल्या टोपीकडे बघितलं. मग दारातून बाजूला झाली.